चारशे डॉलरचा आवाज: एक प्रकरण अभ्यास

न्यूयॉर्कमधल्या दोन व्हॉइस आर्टिस्टनी मे २०२४ मध्ये 'लोवो' या कंपनीविरुद्ध तिथल्या फेडरल कोर्टात दावा लावला. लोवो ही कॅलिफोर्नियातल्या बर्कलीची कंपनी. आपण लिहिलेला मजकूर यंत्राच्या आवाजात वाचून दाखवणारी सेवा ती विकते. दावा थोडक्यात असा: आमचा आवाज खोटं सांगून घेतला, त्याची नक्कल बनवली आणि ती आम्हाला न विचारता गिऱ्हाइकांना विकली. जुलै २०२५ मध्ये न्यायाधीश पॉल ओटकन यांनी या दाव्यातले कोणते मुद्दे पुढे चालतील आणि कोणते नाही, याबद्दल सविस्तर आदेश दिला. तो अंतिम निकाल नव्हता. वादींचं म्हणणं खरं धरलं तर कायद्यात त्याला जागा आहे का, एवढंच त्या टप्प्यावर पाहिलं जातं. म्हणून खाली घटना म्हणून जे येईल ते वादींनी कोर्टापुढे मांडलेलं आहे, हे ध्यानात ठेवून वाचावं.

एआय आणि कलाकार यांच्या भांडणात बहुतेक वेळा मोठी नावं पुढे असतात. नामवंत गायक, नट, लाखो प्रती खपणारे लेखक. त्यांचं नुकसान खरंच असतं. पण त्यांच्या हाताशी वकील असतात, आणि त्यांचा आवाज कुठेही वाजला तरी चाहतेच ओरडून सांगतात की हा खोटा आहे. पॉल लेहरमन आणि लिनिया सेज या नवराबायकोचं तसं नाही. हे दोघे पोट भरण्यापुरती कामं मिळवत राहणारे कलाकार. त्यांचा आवाज तुम्ही ऐकला असेल, नाव नाही. या क्षेत्रातली बहुसंख्य माणसं अशीच असतात, आणि एआयबद्दलचा नैतिक प्रश्न त्यांच्याच बाबतीत सगळ्यात स्पष्ट दिसतो असं माझं मत आहे.

काम कसं आलं

'फायव्हर' नावाचं एक ऑनलाइन ठिकाण आहे. लोगो करून देणारे, भाषांतर करणारे, आवाज देणारे तिथे आपली पाटी लावून बसतात, आणि ज्याला काम करून हवं आहे तो निरोप पाठवतो. निरोप पाठवणाऱ्याने खरं नाव सांगायलाच हवं असं नाही. २०१९ च्या अखेरीस सेज यांना अशाच एका अनोळखी खात्यावरून काम आलं. मजकूर रेडिओ जाहिरातींच्या धाटणीचा होता.

सेज यांनी विचारलं, हे कशासाठी वापरणार? उत्तर आलं की या रेडिओ जाहिरातींच्या चाचणीच्या स्क्रिप्ट आहेत, त्या बाहेर कुठेही जाणार नाहीत, फक्त आतल्या आत वापरल्या जातील, त्यामुळे कसल्याही हक्कांचा प्रश्न येत नाही. कामाचे चारशे डॉलर मिळाले. काही महिन्यांनी, २०२० मध्ये, लेहरमन यांनाही तसंच काम आलं. त्यांनाही उद्देश सांगितला गेला: आवाजाच्या संश्लेषणावरचं संशोधन चालू आहे, निव्वळ शैक्षणिक. त्यांना बाराशे डॉलर मिळाले. वादींचं म्हणणं असं की ही दोन्ही खाती लोवोच्याच माणसांची होती.

हा प्रश्न सेज यांनी का विचारला, हे व्हॉइसओव्हरच्या धंद्याबाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. या धंद्यात पैसे दोन गोष्टींचे असतात. एक, स्टुडिओत घालवलेल्या वेळेचे. दुसरे, वापराचे. तीच तीस सेकंदांची ओळ एखाद्या कंपनीच्या आतल्या प्रशिक्षणाच्या व्हिडिओत वाजणार असेल तर तिचा दर एक, देशभर टीव्हीवर वर्षभर वाजणार असेल तर दुसरा, आणि कायमची, कुठेही, कशीही वापरायची असेल तर तिसरा. म्हणून माध्यम कोणतं, प्रदेश कोणता, मुदत किती, हे आधी ठरतं. 'कशासाठी?' हा प्रश्न संशयातून येत नाही, किंमत सांगायची तर तो विचारावाच लागतो. 'आतल्या आत, चाचणीपुरतं' या उत्तरावर चारशे डॉलर हा आकडा बेतलेला होता. उत्तर खोटं असेल तर आकडाही खोटा, आणि होकारही.

त्या फायलींमध्ये नक्की काय होतं, तेही पाहायला हवं. चांगला व्हॉइस आर्टिस्ट घरच्या बूथमध्ये बसून जे रेकॉर्डिंग पाठवतो ते कोरडं असतं: मागे संगीत नाही, खोलीचा घुमारा नाही, पंख्याची घरघर नाही. तोंडाचे चटचट आवाज निवडून काढलेले. नको तिथला श्वास कापलेला, हवा तिथला ठेवलेला. 'आजच' या शब्दावर जोर द्यायचा की 'घ्या' वर, हे ठरवण्यासाठी तीच ओळ तीनदा घेतलेली. आणि सोबत, जे बोललं आहे त्याचा हुबेहूब मजकूर, कारण स्क्रिप्ट गिऱ्हाइकानेच दिलेली असते. मजकुरावरून बोलणारं यंत्र शिकवायला अगदी हेच लागतं. स्वच्छ आवाज आणि त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळणारा मजकूर. यंत्र या जोड्यांवरून कोणत्या अक्षरसमूहाला कसा ध्वनी येतो, सूर कुठे चढतो, विराम किती लांबतो हे शिकतं, आणि मग त्या माणसाने कधीही न उच्चारलेलं वाक्य त्याच्या आवाजात उच्चारतं. सेज आणि लेहरमन यांनी कामात ओतलेली सगळी सफाई, जिच्यासाठी त्यांना बोलावलं जातं ती, शिकवणीचा उत्तम माल ठरली.

आवाज परत कानावर पडतो

२०२२ मध्ये लेहरमन यांनी एका यूट्यूब वाहिनीवर युक्रेनच्या युद्धाबद्दलचा व्हिडिओ ऐकला. निवेदन त्यांच्या आवाजात होतं, आणि ते निवेदन त्यांनी कधीच केलं नव्हतं. पुढच्या वर्षी जूनमध्ये दोघे गाडीतून जात असताना एक पॉडकास्ट ऐकत होते. हॉलिवूडच्या लेखकांचा संप चालू होता, आणि त्या संपात एआयचा मुद्दा ऐरणीवर होता. पॉडकास्टमध्ये निवेदक एका चॅटबॉटला मुलाखतीसारखे प्रश्न विचारत होता, की मनोरंजनाच्या व्यवसायावर एआयचा काय परिणाम होईल. चॅटबॉट बोलत होता तो लेहरमन यांच्या आवाजात. गाडी बाजूला घेऊन दोघे थांबले.

मग शोध सुरू झाला. लोवोच्या सेवेत लेहरमन यांचा आवाज 'काइल स्नो' या नावाने मिळत होता, सेज यांचा 'सॅली कोलमन' या नावाने. कंपनीने गुंतवणूकदारांपुढे केलेल्या सादरीकरणात सेज यांचं प्रत्यक्ष रेकॉर्डिंग वाजवलं गेल्याचंही वादींनी मांडलं. जे 'बाहेर कुठेही जाणार नाही' असं लिहून दिलं होतं, ते थेट भांडवल उभं करायच्या मंचावर गेलं.

मला या सगळ्यात सर्वात जास्त खुपतं ते नव्या नावांचं. आवाज चोरीला गेला, हे एक झालं. पण त्यावर दुसऱ्या, अस्तित्वातच नसलेल्या माणसाचं नाव लावलं की मूळ माणूस शोधायची वाटच बुजते. ज्या गिऱ्हाइकाने 'काइल स्नो' निवडला त्याला कुणी फसवून घेतलेला माणूस मागे आहे याची कल्पनाही येणार नाही. तो प्रामाणिकपणे पैसे भरतो, त्याला वाटतं सगळे हक्क रीतसर घेतलेले आहेत. नकळत तोही या व्यवहारात ओढला जातो.

नुकसानीचा हिशेबही नेहमीसारखा मांडता येत नाही. लेख चोरला तर मूळ लेख दाखवता येतो. चित्राची नक्कल झाली तर दोन्ही शेजारी ठेवता येतात. इथे चोरलेलं एक विशिष्ट काम नाहीच. जी कामं अजून आलेलीच नाहीत, ती करण्याची क्षमता नेली आहे. पुढच्या वर्षी जी जाहिरात सेज यांच्याकडे आली असती ती 'सॅली कोलमन'कडे गेली तर सेज यांना ते कधी कळणारही नाही. न आलेल्या फोनची पावती कुठून आणायची?

कोर्टात काय टिकलं आणि काय नाही

सामान्य समज असा की एआयविरुद्ध कलाकाराचं हत्यार म्हणजे कॉपीराइट. या प्रकरणात ते बऱ्याच अंशी बोथट ठरलं, आणि ते का, हे समजून घेण्यासारखं आहे.

अमेरिकी कॉपीराइट कायदा रेकॉर्डिंगला संरक्षण देतो, आवाजाला नाही. दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे नवं रेकॉर्डिंग केलं आणि ते कितीही हुबेहूब वाटलं, तरी मूळ रेकॉर्डिंगच्या हक्काचा भंग होत नाही, असं त्या कायद्याच्या कलम ११४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. ही तरतूद नकलाकारांच्या, जुनी गाणी नव्याने गाणाऱ्यांच्या सोयीची होती आणि तिच्यामागे शहाणपण होतं. पण यंत्राने घडवलेला आवाजही त्याच दारातून आत येतो. म्हणून यंत्राच्या आवाजाबद्दलचा कॉपीराइटचा दावा फेटाळला गेला. यंत्राच्या शिकवणीत आमची रेकॉर्डिंग वापरली, हा मुद्दाही तपशील पुरेसे नाहीत म्हणून टिकला नाही. तपशील कसे असणार? शिकवणी बंद दाराआड होते. टिकलं ते सेज यांचं प्रत्यक्ष रेकॉर्डिंग सादरीकरणात वाजवल्याबद्दलचं म्हणणं, कारण तिथे खरीखुरी फाइल होती.

ट्रेडमार्कच्या कायद्याचा आधारही गेला. त्यामागचा विचार असा, की एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचा आवाज ऐकून लोक 'हा अमक्याचा' म्हणून ओळखतात आणि त्याच्या भरवशावर वस्तू घेतात, म्हणून तिथे फसवणूक होऊ शकते. या दोघांचा आवाज मालावरचा शिक्का नव्हता, तो स्वतःच माल होता. कायद्याच्या चौकटीत हे तर्काला धरून आहे, पण माणसाच्या बाजूने पाहिलं तर विचित्र. १९८८ चं बेट मिडलर यांचं प्रकरण आठवा. फोर्डच्या जाहिरातीसाठी त्यांनी गायला नकार दिला, तेव्हा जाहिरात कंपनीने त्यांच्याच मागे कोरसमध्ये गायलेल्या एका गायिकेला बोलावून 'शक्य तितकं मिडलरसारखं गा' असं सांगितलं. अपील कोर्टाने म्हटलं की आवाज हा चेहऱ्याइतकाच ज्याचा त्याचा असतो, आणि मिडलर जिंकल्या. त्या तत्त्वातला 'ज्याचा त्याचा' खरा असेल तर तो कोरसमधल्या गायिकेलाही लागू व्हायला हवा. पण कोर्टाने आपला निकाल जाणीवपूर्वक विख्यात आवाजांपुरता ठेवला होता.

लेहरमन आणि सेज यांना हात दिला तो तीन साध्या गोष्टींनी. पहिली, करार. फायव्हरवरच्या निरोपांत दिलेला शब्द हा करार मानता येईल आणि तो मोडल्याचा दावा चालू शकेल, असं कोर्टाने म्हटलं. दुसरी, ग्राहकांची फसवणूक रोखणारा न्यूयॉर्कचा कायदा. आणि तिसरी, त्याच राज्याच्या नागरी हक्क कायद्यातली कलम ५० आणि ५१.

या कलमांचा जन्म कसा झाला ते सांगायलाच हवं. १९०० च्या आसपास अ‍ॅबिगेल रॉबर्सन नावाच्या एका तरुण मुलीचा फोटो एका पीठ गिरणीच्या जाहिरातीवर छापला गेला. तिला कुणी विचारलं नव्हतं. तक्रारीनुसार पंचवीस हजार प्रती दुकानांत, गोदामांत, दारूच्या गुत्त्यांत लागल्या. तिला ओळखणारे लोक तिची थट्टा करू लागले, आणि मनस्तापाने तिने अंथरूण धरलं. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की असा कुठला हक्क कायद्यात नाही. लोक इतके संतापले की पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला: जिवंत माणसाचं नाव किंवा चित्र त्याच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरातीसाठी वा व्यापारासाठी वापरता येणार नाही. पुढे १९९५ मध्ये त्यात आवाजाची भर पडली.

या कायद्यात 'प्रसिद्ध' हा शब्द नाही. तो एका अनोळखी मुलीमुळे झाला, आणि सव्वाशे वर्षांनी दोन अनोळखी आवाजांच्या कामी आला. नक्कल यंत्राने केलेली असली तरी ती त्या माणसाच्या 'आवाजा'त मोडू शकते, असं न्यायाधीशांनी धरलं. रॉबर्सनच्या तक्रारीत आणि सेज यांच्या तक्रारीत मला फार अंतर दिसत नाही. दोघींचंही म्हणणं एकच, की माझ्या अंगाचा एक भाग तुमच्या मालावर आहे आणि मला विचारलेलं नाही.

न्यायाधीशांनी आदेशाच्या सुरुवातीलाच नोंदवलं आहे की यातले काही प्रश्न पहिल्यांदाच कोर्टापुढे येत आहेत, आणि त्यांचे परिणाम व्हॉइस आर्टिस्टपुरते राहणार नाहीत. आपल्या ओळखीवरचा ताबा सुटेल अशी भीती असलेल्या सामान्य नागरिकांचाही त्यांनी उल्लेख केला. मला ही नोंद महत्त्वाची वाटते, कारण एआयच्या चर्चेत 'कलाकार' आणि 'सामान्य माणूस' अशी फाळणी करून कलाकारांचं गाऱ्हाणं एका धंद्याची कुरकुर म्हणून झटकायची सवय लागली आहे.

होकाराचा आवाका

आता अवघड भाग. समजा सेज यांना खरं सांगितलं असतं: आम्ही बोलणारं यंत्र बनवतो आहोत, तुमचा आवाज त्यात येईल, चारशे डॉलर देतो. आणि त्या हो म्हणाल्या असत्या. मग काही गैर उरलं असतं का?

कायद्याने कदाचित नाही. नीतीने, माझ्या मते, उरलं असतं. २०१९ मध्ये अशा होकाराचा अर्थ काय, हे बहुतेक कलाकारांना ठाऊकच नव्हतं. आपण एका वाक्याला हो म्हणतो आहोत की पुढच्या सगळ्या वाक्यांना, हा फरक त्या काळी कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

याचं एक सरळ उदाहरण आवाजाच्या संशोधनातच आहे. 'एलजे स्पीच' हा संच २०१७ मध्ये खुला झाला: एकाच स्त्रीच्या वाचनाचे १३,१०० तुकडे, मिळून जवळपास २४ तास. मजकुरावरून बोलणाऱ्या यंत्रांवरच्या असंख्य प्रयोगांची सुरुवात त्याच्यापासून झाली आहे. ती वाचिका 'लिब्रिव्हॉक्स' या स्वयंसेवी उपक्रमासाठी जुनी पुस्तकं वाचत होती, ज्यांना वाचता येत नाही किंवा ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी, फुकट. उपक्रमाच्या नियमाप्रमाणे रेकॉर्डिंग सार्वजनिक मालकीचं झालं. कुणी फसवलं नाही, कोणताही नियम मोडला नाही. मी या संचाला लोवो प्रकरणाच्या शेजारी अजिबात बसवत नाही. पण माणसांसाठी वाचणाऱ्या व्यक्तीने यंत्रांसाठीही होकार दिला होता, असं छातीठोकपणे म्हणता येईल का? परवाना मोकळा असणं म्हणजे मनात तो वापर असणं नव्हे. होकार दिला गेला तेव्हा जगात जे शक्यच नव्हतं त्याला तो लागू धरायचा, तर निदान परत विचारायची सभ्यता असावी.

परत विचारण्याला तंत्राची अडचणही आहे, तीही बोलली पाहिजे. सेवेच्या यादीतून 'सॅली कोलमन' हे नाव काढून टाकणं एका क्षणाचं काम आहे. पण एकच मोठं मॉडेल अनेक माणसांच्या आवाजावर एकत्र शिकवलेलं असेल, तर एका व्यक्तीचा वाटा त्यातून नेमका उचलून बाहेर काढता येत नाही. नाव गेलं तरी शिकवण आत राहते. वरण शिजल्यावर त्यातून मीठ काढण्यासारखं ते आहे. म्हणून 'तक्रार आली की काढून टाकू' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. विचारायचं ते शिकवणीआधी, आणि ज्याला विचारलं त्याला नाही म्हणता आलं पाहिजे.

यंत्राच्या आवाजाला माझा सरसकट विरोध नाही. मोटर न्यूरॉनच्या आजारात वाचा जाणार हे कळल्यावर अनेक जण आधीच स्वतःचा आवाज नोंदवून ठेवतात, आणि नंतर यंत्रातून स्वतःच्याच आवाजात घरच्यांशी बोलतात. घशाच्या कर्करोगात आवाज गमावलेल्या वॅल किल्मर या नटासाठी एका कंपनीने २०२१ मध्ये त्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून आवाज घडवला, त्यांच्या संमतीने. तंत्र तेच आहे, ध्वनीचे तुकडे आणि मजकुराच्या जोड्या त्याच आहेत. फरक एवढाच की आवाज ज्याचा, निर्णय त्याचा. लोवोच्या प्रकरणात यंत्राला दोष देऊन काही हाती लागत नाही. दोष एका निरोपात आहे, 'कशासाठी' या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात.

नव्या कायद्यांनी हे नेमकं पकडलं आहे, याचं मला समाधान वाटतं. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या दोन्ही राज्यांत जानेवारी २०२५ पासून असा नियम लागू आहे, की कलाकाराऐवजी त्याची डिजिटल प्रतिकृती वापरायला मुभा देणारं कलम, त्या वापराचं पुरेसं नेमकं वर्णन केलेलं नसेल आणि करार करताना कलाकाराच्या बाजूने वकील किंवा संघटना नसेल, तर अंमलात आणता येणार नाही. टेनेसी राज्याचा जुलै २०२४ पासूनचा कायदा तर आवाजाला प्रत्येक व्यक्तीचा हक्क मानतो, नाव असो वा नसो. जुलै २०२५ मध्ये व्हिडिओ गेममधल्या कलाकारांनीही मोठ्या संपानंतर जो करार मंजूर केला त्यात प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला मुख्य होता. पण संघटनेच्या छत्राखाली नसलेला, घरून काम करणारा, टोपणनावाच्या खात्याशी व्यवहार करणारा माणूस या सगळ्यांच्या कडेलाच राहतो. सेज यांच्याकडे वाचवून ठेवलेले निरोप होते म्हणून करारभंगाचा मुद्दा टिकला. ज्यांनी विचारलंच नाही, किंवा ज्यांचा व्यवहार फोनवर झाला, ते काय दाखवणार?

आपल्याकडे पाहताना

भारतात आवाजाच्या नकलेवर सर्वात ठळक आदेश मुंबई उच्च न्यायालयाचे आहेत. जुलै २०२४ मध्ये न्या. आर. आय. छागला यांनी अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला: कुणाच्याही आवाजाचं रूपांतर प्रसिद्ध व्यक्तीच्या आवाजात करून देणारी साधनं तिच्या परवानगीशिवाय उपलब्ध करणं हा तिच्या व्यक्तिमत्त्व हक्काचा, म्हणजे आपलं नाव, चेहरा, आवाज कुणी कसा वापरावा हे ठरवण्याच्या हक्काचा, भंग आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही याच न्यायालयाने असंच संरक्षण दिलं. दोन्ही आदेश स्वागतार्ह आहेत. पण त्यांचा पाया प्रसिद्धी आहे. व्यक्तिमत्त्व हक्क आपल्याकडे न्यायालयांनी घडवला आहे, आणि आजवर त्याचा आधार मागणारे जवळपास सगळे नामवंत आहेत. लेहरमन आणि सेज इथले असते तर त्यांना न्यूयॉर्कच्या कलम ५१ सारखं काही हाताशी मिळालं नसतं.

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये सादरकर्त्याचा हक्क पन्नास वर्षांसाठी आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याला श्रेय मिळण्याचा, आपल्या सादरीकरणाची मोडतोड थांबवण्याचाही हक्क दिला. वाचायला छान वाटतं. पण सादरकर्त्याच्या व्याख्येतच एक परंतुक आहे: चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याला श्रेयनामावलीत जागा मिळत नाही, तो बहुतेक कारणांसाठी सादरकर्ता धरला जात नाही. त्याच्याजवळ उरतो तो फक्त मोडतोड थांबवण्यासारखा नैतिक हक्क. गर्दीत दोन वाक्यं बोलणारा, नायकाच्या मित्राला पाच भाषांत आवाज देणारा कलाकार या परंतुकात किती सहज अडकू शकतो, ते डबिंगच्या कोणत्याही स्टुडिओत तासभर बसलं की कळेल. नाव दिलं नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून नाव द्यायची गरज नाही.

त्याच कायद्यात एक बारीक जागा मात्र कलाकाराच्या बाजूची आहे. कलम ३८अ म्हणतं की सादरकर्त्याने लेखी करार करून आपलं काम चित्रपटात घेऊ दिलं, तर निर्मात्याने 'त्याच चित्रपटात' ते वापरण्याला त्याला हरकत घेता येत नाही. त्याच चित्रपटात. दुसऱ्या चित्रपटात नाही, यंत्राच्या शिकवणीत नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात तेव्हा बोलणारी यंत्रं नव्हती, तरी संमतीला एका कामाची हद्द असते हे त्यांनी गृहीत धरलं होतं. अजून कुणी या शब्दांवर बोट ठेवून एआयच्या शिकवणीविरुद्ध दाद मागितल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मागायला हवी.

तोवर सह्या होतच राहणार. डबिंगच्या करारात 'सर्व माध्यमांत, आज ज्ञात व पुढे शोधल्या जाणाऱ्या, कायमस्वरूपी' अशा धर्तीची ओळ असते. ती कॅसेट, सीडी, ओटीटी अशा बदलत्या पडद्यांसाठी घातलेली आहे. एआयच्या काळात तिचा अर्थ निर्माता एक लावेल आणि कलाकार दुसरा. सही करण्याआधी त्या ओळीखाली एवढंच लिहून मागावं: हे रेकॉर्डिंग यंत्राला शिकवण्यासाठी किंवा माझ्या आवाजाची नक्कल करण्यासाठी वापरलं जाणार नाही, तसं करायचं असल्यास वेगळी लेखी परवानगी आणि वेगळा मोबदला लागेल. ज्याचा तसा इरादा नाही त्याला ही ओळ मान्य करायला काहीच अडचण नसावी. एकट्या कलाकाराने मागितली तर काम दुसऱ्याकडे जाईल ही भीती खरी आहे, म्हणून ती संघटनांनी नमुना करारातच छापून घ्यावी, आणि तिच्यासोबत रेकॉर्डिंग कुणाकडे, किती काळ राहणार तेही. फोनवर काम ठरलं तर संध्याकाळी एक निरोप पाठवून ठेवावा: आज अमुक कामासाठी, अमुक वापरासाठी आवाज दिला. समोरून 'ओके' आलं तरी चालेल.